खारीचा वाटा

आमच्याकडे सोयरीक जुळवायला माणसं बसली की मुलगा काय करतो, शेती किती, हे प्रश्न दुसऱ्या चहाला निघत. पहिल्या चहालाच विचारलं जाई, ‘तुमच्या गावचं पाणी कसं हाये?’ बुलढाणा जिल्हा नकाशावर एक असला तरी जगण्यात दोन आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं मधोमध रेघ मारली आहे. वर बुलढाणा, चिखली, मेहकर. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि आमचं संग्रामपूर. वरच्यांच्या वाट्याला गार वारा आणि गोड पाणी आलं. खालच्यांना पूर्णा नदी मिळाली, पुरुषभर खोल काळी जमीन मिळाली आणि त्या जमिनीच्या पोटात मीठ मिळालं. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या मुलखाला खारपाणपट्टा म्हणतात. समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या पलीकडे, पण त्याची चव घरच्या विहिरीत.

माझी बायको चिखलीची. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी तिनं सासरचा पहिला चहा तोंडाला लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, “यात मीठ कोणी घातलं?” माझ्या मायनं शांतपणे सांगितलं, “विहिरीनं.” त्या घोटापासून गेली बत्तीस वर्षं आमच्या घरात पाण्याचा विषय निघाला की मी वर्तमानपत्र उघडतो.

तसं या मिठाचं आम्हाला अगदीच वावडं नाही. १९३० साली गांधीजी दांडीला गेले तेव्हा वऱ्हाडातल्या सत्याग्रहींना प्रश्न पडायला हवा होता, की कायदा मोडायला समुद्र आणायचा कुठून? पण शेजारच्या अकोला जिल्ह्यात दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरी होत्या. पोहऱ्यानं पाणी शेंदलं, कढईत आटवलं, मीठ काढलं आणि सत्याग्रह झाला. आमचं पाणी देशाच्या कामी आल्याचा हा एक प्रसंग. त्यानंतर त्यानं बॉयलर, पाइप आणि सुनांची मनं खराब करण्यापलीकडे फार काही केलेलं नाही.

अशा घरात गेल्या दिवाळीला मुलीनं स्ट्रॉबेरीची सहा रोपं आणली.

ती पुण्याला असते. मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला गेली, तिथं वाफ्यांवर ओणवून फोटो काढले आणि येताना बाबांसाठी रोपं घेतली. निवृत्त झाल्यापासून बाबा घरात फार सल्ले देतात, त्यांना काहीतरी उद्योग हवा, असा मायलेकींचा फोनवर ठराव झाला होता, हे मला नंतर कळलं. चहाच्या ग्लासाएवढ्या पिशव्यांत एकेक रोप, तीन-तीन पानांचं. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर चपलांच्या शेजारी त्यांचा प्रवास झाला. शेगावला उतरेपर्यंत मुलीनं विकतच्या पाण्याची दीड बाटली त्यांना पाजली आणि स्वतः तहानलेली उतरली.

मला तेव्हा एका फ्रेंच माणसाची आठवण झाली. त्याचं नाव फ्रेझिए. लष्करातला इंजिनिअर. १७१२ साली चौदाव्या लुईनं त्याला चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावर स्पॅनिश लोकांचे किल्ले चोरून पाहायला पाठवलं. हा भला माणूस किल्ल्यांबरोबर तिथल्या बागाही पाहत हिंडला. तिकडची स्ट्रॉबेरी आपल्याकडच्या रानटी फळापेक्षा कितीतरी मोठी असते, हे बघून हरखला आणि निघताना रोपं घेऊन जहाजात बसला. फ्रेंच भाषेत स्ट्रॉबेरीला ‘फ्रेझ’ म्हणतात आणि याचं आडनाव फ्रेझिए. आंबेकरांनी कोकणातून कलमं आणावीत तसा हा प्रकार. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास. चहूकडे पाणीच पाणी आणि त्यातला थेंब रोपांना चालायचा नाही. जहाजावरच्या पिण्याच्या पाण्याची मालकी ज्या अधिकाऱ्याकडे होती त्यानं रोपांसाठी पाणी दिलं, म्हणून १७१४ साली पाच रोपं जिवंत उतरली. त्यातली दोन त्या अधिकाऱ्याला पाण्याच्या मोबदल्यात द्यावी लागली.

खारं पाणी भोवती आणि गोड पाणी मोजून, ही अवस्था कळायला मला जहाजात बसायची गरज नव्हती. आमच्या घरात तो पाण्याचा अधिकारी कोण, हेही सांगायला नको.

पुढची गोष्ट आणखी मजेची आहे. फ्रेझिएची रोपं फ्रान्समध्ये झकास वाढली, पसरली, फुलली आणि फळ काही धरेनात. त्यानं निवडून आणलेली सगळी रोपं मादी निघाली होती. पुढे त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी जात लागली आणि त्या दोघींच्या संकरातून आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपातच जन्मली. म्हणजे महाबळेश्वरला इंग्रजांनी आणली तेव्हा ती स्वतःच घरापासून दोन समुद्र दूर होती. बरं, तिथं तिची सोय उत्तम झाली. साडेचार हजार फूट उंची, तांबडी माती, धो धो पाऊस आणि तो लगेच वाहून जाईल असा उतार. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सासर असं मिळालं तर कोण नांदणार नाही!

आता आमच्याकडची माती.

काळी जमीन म्हटलं की बाहेरच्या माणसाला कवितेसारखं काहीतरी वाटतं. तिच्याशी संसार करणाऱ्याला विचारा. पाणी दिलं की ती फुगते, चपलेला किलोकिलोनं चिकटते आणि माणूस चार बोटं उंच होतो. पाणी तोडलं की आकसते आणि तिला अशा भेगा पडतात, की लहानपणी माझी एक आख्खी विटी-दांडूची विटी त्यात गेली ती आजतागायत वर आलेली नाही. कपाशी, तूर, हरभरा यांना तिचा स्वभाव ठाऊक आहे. मुळं खोल सोडून ते तिच्याशी जमवून घेतात. स्ट्रॉबेरीची मुळं वीतभर. तिला हलकी, भुसभुशीत, पाणी धरणारी पण न साठवणारी आणि जराशी आंबट माती हवी. शास्त्राच्या भाषेत मातीचा सामू साडेपाच ते साडेसहा.

माझ्या शेताच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू होता ८.६. मी ती पत्रिका चष्मा लावून मोठ्यानं वाचत होतो. माय ओसरीवर वाती वळत होती.

“सामू काय करते म्हनतं?”

“साडेआठच्या वर गेला.”

“कुठं गेला? कोनाचा सामू?”

तिला समजावलं, की सात म्हणजे मधलं, खाली गेलं की आंबट, वर गेलं की क्षारांकडे झुकलेलं. लोणार सरोवराचं पाणी तर दहाच्याही वर. मायनं वातीला पीळ दिला. “मंग खाली ये म्हना त्याले,” एवढंच म्हणाली. तसं लोणारच्या सरोवरानं २०२० च्या जूनमध्ये मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर गुलाबी होऊन दाखवलं होतं. आमच्या जिल्ह्यात खाऱ्यातून लाल रंग निघू शकतो, हा त्यातून मी काढलेला बोध. बोध काढायची सवय मास्तरकीतली, ती पेन्शनबरोबर मिळते.

रोपं लावायच्या दिवशी घरात दोन पक्ष पडले. माझं म्हणणं, आपल्या अंगणातल्या मातीत लावू. जी माती शंभर वर्षं आपल्याला पोसते तिला सहा रोपं जड का व्हावीत? बायको काही बोलली नाही. तिनं चिखलीला भावाला फोन लावला. तिसऱ्या दिवशी भाच्याच्या मोटारसायकलवरून दोन गोण्या राजूर घाट उतरून आल्या. लालसर, मुरमाड, हातात घेतली तर बोटांतून सुळकन निसटणारी माती. माहेरचा माणूस बघावा तशी ती त्या गोण्यांकडे बघत होती. अखेर तीन रोपं माझ्या वाफ्यात गेली आणि तीन तिच्या तेलाच्या पिप्यात. पिप्याला तिनं खिळ्यानं तळाशी भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे घातले, माहेरच्या मातीत निम्मं शेणखत मिसळलं. लावताना एक गोष्ट मात्र दोघांनी सारखी पाळली. या रोपाचा मधला कोंब, जिथून पानं फुटतात तो, मातीत पुरला तर कुजतो आणि फार वर ठेवला तर मुळं वाळतात. बरोबर मातीच्या रेषेवर बसवावा लागतो. मी फूटपट्टी घेतली होती.

वर अंथरायला सोयाबीनचं कुटार टाकलं. महाबळेश्वरला प्लास्टिकचा कागद अंथरतात, विलायतेत गवत अंथरतात. फळ मातीला टेकू नये, एवढाच हेतू. कुटार बघून शेजारची म्हैस दोनदा येऊन गेली.

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुंपणाला हात टेकून माणसं उभी राहू लागली. “काय लावून राह्यले गुरुजी?” सांगितलं की थोडा वेळ शांतता, मग सल्ला. एक म्हणाले, आंबट माती पाहिजे ना, मग ताक घाला. दुसरे म्हणाले, लिंबू पिळा. तिसऱ्यांनी तुरटी सुचवली. एका तरुण शेतकऱ्यानं सांगितलं, की चिखलदऱ्याला, मोथा गावाकडे लोक स्ट्रॉबेरी करतात, आपल्या विदर्भातच. मला आनंद झाला. मग तो म्हणाला, “पन गुरुजी, ते हजार मीटरवर हायेत. तुम्ही खड्ड्यात हा.” पीकपाण्याचं भाकीत सांगणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीची ज्यांना खोल जाण आहे असे एक गृहस्थ बराच वेळ पाहून म्हणाले, “अठरा धान्यं मांडतात तिथं. हे नाई त्याच्यात.” त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता.

पंधरा दिवसांत माझ्या वाफ्यातल्या पानांच्या कडा करपू लागल्या. आतून हिरवं, काठावर तपकिरी. शाळेच्या नाटकात जुनं राजपत्र करायचं असलं की आम्ही कागदाच्या कडा मेणबत्तीवर धरायचो, हुबेहूब तसं. कारण उघड होतं. पिप्याला बायको नळाचं पाणी देत होती आणि वाफ्याला मी, तत्त्वाला जागून, विहिरीचं. स्ट्रॉबेरी ही मिठाच्या बाबतीत पिकांमधली सर्वांत हळवी. कापूस जे मीठ निमूट सोसतो त्याच्या कितीतरी कमी मिठाला ही मान टाकते. मुळाशी पाणी असतं, पण खारटपणामुळे तिला ते ओढून घेता येत नाही. भरल्या विहिरीच्या काठावर तहानलेली. आमच्या गावालाही हे ऐकून नवल वाटलं नसतं.

मी जिप्सम आणलं. त्याचं काम मोठं सुरेख आहे. आमच्याकडच्या चोपण मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो, एसटीत खिडकी धरून बसलेल्या माणसासारखा. जिप्सममधला कॅल्शियम येतो, त्याला उठवतो आणि त्या जागेवर बसतो. माती मोकळी होते. पण उठवलेल्याला गाडीतून खाली उतरवायला भरपूर गोडं पाणी लागतं आणि उतरायला दार, म्हणजे निचरा. आमच्या वाफ्यात दोन्ही नव्हतं. सोडियम उठला, दांडा धरून तिथंच उभा राहिला आणि पुन्हा जागा मिळायची वाट पाहू लागला.

डिसेंबर लागेपर्यंत माझी दोन रोपं गेली. तिसरं पिवळं पडलं, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाचं दुखणं. जमिनीत लोह ढीगभर आहे, पण सामू एवढा चढला की ते रोपाला घेता येत नाही. पंगतीत पान वाढलेलं आणि हात मागे बांधलेले. चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून पानांवर फवारलं तेव्हा त्यानं थोडा धीर धरला. तिकडे पिप्यात पानांची दाटी झाली होती. बायको काही बोलत नव्हती. तिचं ते न बोलणं फार ठसठशीत असतं.

शेवटी मी शरण गेलो. “माझ्या एकाला पण नळाचं पाणी दे.”

गावात आता सातपुड्यातल्या धरणाचं गोडं पाणी नळानं येतं. रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली प्रत्येक रिकामी वस्तू भरून ठेवली जाते, त्यात माझा प्रवासाचा थर्मासही असतो. बायकोचा भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिशेब असतो: नळ आला त्या तारखेला फुली आणि खाली हंड्यांचा आकडा. पिण्याचे इतके, वरणाचे इतके, मायच्या औषधाचे इतके. तिनं बराच विचार करून माझ्या रोपाला रोज एक तांब्या मंजूर केला. “पण तुमच्या दुसऱ्या चहातला,” म्हणाली. तेव्हापासून मी दिवसातून एकदाच चहा पितो. फ्रेझिएनं पाच रोपांतली दोन दिली होती. मी स्वस्तात सुटलो.

संक्रांतीच्या आसपास पांढरी फुलं आली. पाच पाकळ्या, मध्ये पिवळा उंचवटा. सकाळी उठून रंगाच्या ब्रशानं मी तो उंचवटा गोल गोल कुरवाळायचो, म्हणजे पराग सगळीकडे लागावा. नाहीतर फळ वेडंवाकडं होतं. कारण आपण जे लाल गर म्हणून खातो ते खरं फळच नव्हे. तो फुलाचा फुगलेला देठ. अंगावर जे पिवळे बारीक दाणे दिसतात ते एकेक स्वतंत्र फळ. जो दाणा परागाविना राहिला त्याच्याभोवतीचा गर फुगत नाही. हे मी पंचवीस वर्षं सहावीच्या मुलांना शिकवू शकलो असतो, पण पुस्तकात नव्हतं. ब्रश घेऊन उकिडवा बसलेल्या मला पाहून एक माजी विद्यार्थी नमस्कार करून घाईनं पुढे गेला.

जानेवारीच्या शेवटी पिप्यात पहिलं फळ रंगू लागलं. आधी पांढुरकं, मग टोकाशी गुलाबी, मग ती लाली वर चढत गेली. आमच्या अंगणात त्या रंगाची दुसरी वस्तू नव्हती. घरात चर्चा झाली, की उद्या सकाळी खुडायचं, पहिलं गजानन महाराजांच्या फोटोपुढे ठेवायचं. सकाळी जाऊन पाहतो तर देठ जागेवर, हिरवी टोपी जागेवर आणि खाली दातांचे ठसे असलेला पाव भाग. कडुनिंबाच्या फांदीवर खार बसली होती. पुढचे दोन पाय तोंडाशी धरून ओठ साफ करत होती आणि शेपटी हलवून माझ्याकडे पाहत होती. तीन महिने मी मातीतल्या खाराशी लढत होतो आणि पीक नेलं झाडावरच्या खारीनं. भाषेनं केलेला हा विनोद मला तेव्हा अजिबात आवडला नाही. माय मात्र खूश. “रामाच्या सेतूले माती वाहिली तिनं, तिचा वाटा हाये,” म्हणाली. सेतू बांधला ते पाणीसुद्धा खारंच होतं, हे माझ्या मनात आलं, पण मी गप्प बसलो.

मग मच्छरदाणीचा तुकडा आला, त्याला तुराट्यांचा मांडव आला. पिप्यातून पुढच्या महिनाभरात अकरा फळं निघाली. दोन भाच्याला, मोटारसायकलच्या पेट्रोलपोटी. एक मुलीला फोनवर दाखवून मग आम्ही खाल्लं. त्यातली गोडी महाबळेश्वरची नव्हती, खोटं कशाला बोलू. पण वास असा, की पिप्याशेजारी खुर्ची टाकून बसावं. बायकोनं एक फळ डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाली, “आमच्या मातीचा वास आहे याला.” मी वाद घातला नाही. माझं वाफ्यातलं रोप तेव्हा एकच कळी घेऊन बसलं होतं.

ते फळ फेब्रुवारीच्या अखेरीला पिकलं. उन्हं तापायला लागली होती. आणखी पंधरा दिवस गेले असते तर रोपानंच अंग टाकलं असतं. बोरापेक्षा थोडं मोठं, एका बाजूला चपटं, ब्रश तिकडे नीट फिरला नसावा. पण घाटाखालच्या काळ्या मातीतलं. ऐंशी दिवसांच्या माझ्या ऐंशी चहांचं. मी ते खुडून बशीत ठेवलं आणि ओसरीवर मायच्या पुढे धरलं. तिचं वय त्र्याऐंशी. सगळा जन्म या विहिरीच्या पाण्यावर गेलेला. पहिला मान तिचा.

तिनं बशी उन्हाकडे धरून फळ फिरवून पाहिलं. दात नाहीत म्हणून मी सुरीनं चार फोडी केल्या. एक तिनं जिभेवर ठेवली. डोळे बारीक झाले, एक खांदा आपसूक वर गेला. मी वाट पाहत राहिलो. दारात बायको पदराला हात पुसत उभी होती.

“आंबट हाये रे,” माय म्हणाली. बशी तिनं खाली ठेवली नाही. दुसरी फोड बोटात घेऊन म्हणाली, “जरा मीठ आन बरं.”

मी उठून स्वयंपाकघरातून मिठाची वाटी घेऊन आलो.